शुश्रूषा म्हणजे ऐकणं

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री थोडा वेळ बसून पाहा. दिवे मंद झालेले असतात. कोपऱ्यातल्या खाटेवरून हाक येते, "सिस्टर, फार दुखतंय हो." सिस्टर केसपेपर पाहते. शेवटची सुई दोन तासांपूर्वीच दिलेली असते. "अजून वेळ व्हायचीय, आजोबा. थोडं सोसा," असं म्हणून ती उशी सरळ करते, घोटभर पाणी पाजते आणि पुढच्या खाटेकडे वळते. ती निष्ठुर नसते. डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याच्या पलीकडे औषध द्यायचा तिला अधिकार नसतो. पण आजोबांना कुठं दुखतंय, केव्हापासून दुखतंय आणि त्या दुखण्यामागे आणखी काय काय आहे, हे त्या वॉर्डात सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक असतं.

माहिती एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे, ही परिचारिकेच्या व्यवसायातली जुनीच अडचण आहे. ती सोडवण्यासाठी एका बाईला आयुष्यात तीन व्यवसाय करावे लागले. त्यांचं नाव सिसिली सॉन्डर्स. आज परिचर्येच्या क्षेत्रात 'होलिस्टिक नर्सिंग', म्हणजे समग्र शुश्रूषा, हा शब्द बराच ऐकू येतो. या नावाचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत. नर्सिंगला जाऊ पाहणारी मुलं-मुली त्याची चौकशी करतात. आजाराकडेच न पाहता सगळ्या माणसाकडे पाहायचं, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ऐकायला तो फार गोड आहे. पण प्रत्यक्षात त्यासाठी काय करावं लागतं, हे समजून घ्यायचं तर सॉन्डर्सबाईंची गोष्ट ऐकायला हवी.

सुरुवात त्यांच्याही आधी होते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्याच सुमारास त्यांचं 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटं पुस्तक बाहेर पडलं. त्यात औषधांविषयी फारच थोडं आहे. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, आहार याविषयी पुष्कळ आहे. आणि रोग्याच्या मनाविषयी तर आश्चर्य वाटावं इतकं आहे. डॉक्टर आणि नातेवाईक खोलीच्या दाराबाहेर उभे राहून हलक्या आवाजात बोलत राहतात, त्याचा रोग्याला किती त्रास होतो. महिनोन्‌महिने त्याच चार भिंती पाहून जीव कसा उबगतो. भेटायला येणारे लोक उगाचच 'तुम्ही लवकर बरे व्हाल' म्हणतात तेव्हा रोगी किती एकटा पडतो, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. 'होलिस्टिक' हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. कल्पना मात्र होती.

याच सेंट थॉमसच्या शाळेत १९४० साली बावीस वर्षांची सिसिली सॉन्डर्स दाखल झाली. घर सुखवस्तू, ऑक्सफर्डमध्ये राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या विषयांचा अभ्यास चाललेला. पण युद्ध सुरू झालं आणि पुस्तकं बाजूला ठेवून त्यांनी परिचारिकेचा पोशाख चढवला. लंडनवर बॉम्ब पडत होते. पेनिसिलिनसारखी औषधं अजून सर्वांपर्यंत पोचायची होती. रोग्याला द्यायला परिचारिकेजवळ स्वतःशिवाय फारसं काही नव्हतं. या कामात त्या मनापासून रमल्या. पण पाठीचं जुनं दुखणं उफाळलं आणि १९४४ साली परिचारिका म्हणून शिक्षण पूर्ण होतं न होतं तोच डॉक्टरांनी सांगितलं, की वाकणं, उचलणं, तासन्‌तास उभं राहणं हे काम आता तुम्हाला झेपायचं नाही.

पहिला व्यवसाय असा संपला. सॉन्डर्सबाई ऑक्सफर्डला परतल्या, राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि १९४७ साली सेंट थॉमसमध्येच 'आल्मोनर' झाल्या. आपल्याकडच्या रुग्णालयांत आज वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांचंच हे पूर्वरूप. रोग्याच्या घरी कमावणारं कोण आहे, भाडं कोण भरणार, घरी सोडल्यावर बघणारं कुणी आहे का, ही सगळी चौकशी आल्मोनरनं करायची. परिचारिका म्हणून त्यांनी रोग्याचं शरीर पाहिलं होतं, आता त्याचं घर दिसू लागलं.

याच कामात त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. वॉर्सॉहून आलेला चाळीस वर्षांचा पोलिश ज्यू. लंडनमध्ये वेटरचं काम करायचा. त्याला कर्करोग झाला होता आणि तो बरा होण्यातला नव्हता. त्याला कुटुंब नव्हतं. आपण जगून काय मिळवलं, आपल्यामागे काय उरणार, याचीच त्याला जास्त खंत होती. १९४८ च्या सुरुवातीला तो दुसऱ्या एका रुग्णालयाच्या गर्दीच्या वॉर्डात दाखल झाला. सॉन्डर्सबाई दोन महिन्यांत सुमारे पंचवीस वेळा त्याला भेटायला गेल्या. दोघं पुष्कळ बोलत. मरणाऱ्या माणसासाठी कसली जागा हवी, जिथं वेदना आवरता येईल आणि माणसाला स्वतःचा हिशेब मांडायला निवांतपणा मिळेल, यावर त्यांचं बोलणं होई. फेब्रुवारीत टास्मा गेला. जाताना त्यानं आपल्याजवळचे पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले. तुमच्या त्या घरातली मी एक खिडकी होईन, असं तो म्हणाला होता. त्या वेळी घराचा पत्ताही नव्हता. त्या खिडकीभोवती घर उभारायला एकोणीस वर्षं लागली, असं सॉन्डर्सबाई पुढे सांगत.

दिवसा नोकरी सांभाळून संध्याकाळी त्या सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. मरणासन्न गरिबांसाठी ही संस्था १८९३ सालापासून चालत आलेली. तिथं त्यांना एक साधी पण विलक्षण गोष्ट दिसली. मोठ्या रुग्णालयांत मॉर्फिन दिलं जाई ते रोग्यानं मागितल्यावर, वेदना असह्य झाल्यावर. रोग्याला जणू प्रत्येक वेळी दुखून दुखून ते कमवावं लागे. सेंट ल्यूक्समधल्या परिचारिका मात्र ते तोंडावाटे, घड्याळ पाहून, ठरावीक तासांनी देत होत्या. आधीच्या औषधाचा असर उतरण्यापूर्वी पुढचं औषध. वेदनेला डोकं वर काढायला फटच ठेवायची नाही. तिथले रोगी शुद्धीवर असत, बोलत, खात. कित्येक वर्षं हे चाललं होतं. पण एका छोट्या धर्मादाय संस्थेतल्या परिचारिकांची ही रीत मोठमोठ्या वैद्यांपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

नॉर्मन बॅरेट या नामवंत शस्त्रवैद्यांकडे त्या काम करीत. मरणाऱ्या माणसांसाठी काम करायचंय, परिचारिका म्हणून पुन्हा रात्रपाळी करीन, असं त्यांनी त्यांना सांगितलं. बॅरेट यांचं उत्तर स्पष्ट होतं. परिचारिका म्हणून गेलात तर तुमचं कोणी ऐकणार नाही. मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा डॉक्टर व्हा. हा सल्ला शहाणपणाचा होता, पण परिचारिकेच्या व्यवसायाबद्दल तो काय सांगून जातो याचा विचार केला की मन खिन्न होतं. जे ज्ञान परिचारिकांच्या हातात होतं, ते खरं मानलं जाण्यासाठी एका परिचारिकेला डॉक्टर व्हावं लागलं. तेहतिसाव्या वर्षी त्या कॉलेजातल्या पोरासोरांबरोबर वैद्यकाच्या वर्गात बसल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या.

दुसऱ्याच वर्षी त्या पूर्व लंडनमधल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये संशोधनासाठी गेल्या. आयरिश नन चालवत असलेल्या या संस्थेत माया भरपूर होती, पण औषधांचा हिशेब नव्हता. सॉन्डर्सबाईंनी तिथं घड्याळ आणलं. ठरावीक तासांनी मॉर्फिन सुरू केलं आणि प्रत्येक रोग्याची बारकाईनं नोंद ठेवली. सात वर्षांत हजाराहून अधिक रोग्यांच्या नोंदी झाल्या. असं औषध दिलं तर माणसाला व्यसन लागेल, डोस वाढतच जाईल, तो गुंगीत पडून राहील, ही सगळी भीती बहुतांशी खोटी असल्याचं त्या नोंदींतून दिसलं. उलट पुढची वेदना केव्हा येईल ही धास्ती गेल्यामुळे रोगी निर्धास्त होत.

त्यांच्या कामातलं दुसरं साधन होतं टेपरेकॉर्डर. खाटेशेजारी बसून, रोग्याची परवानगी घेऊन, त्या त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करीत. एकदा एका बाईंना त्यांनी विचारलं, कुठं दुखतंय? त्या बाईंनी सुरुवात पाठीपासून केली आणि शेवटी सांगितलं, की आता माझं सगळंच बिघडलंय असं वाटतं. नवरा आणि मुलगा जीव लावतात, पण माझ्यापायी त्यांना काम सोडून घरी राहावं लागतं, पैसे बुडतात. कोणाला आपलं काही कळतच नाही असं वाटायचं. आणि आता पुन्हा कुठं जरा सुरक्षित वाटायला लागलंय. प्रश्न एकच होता, पण उत्तरात शरीर होतं, मन होतं, घरदार आणि पैसा होता, आणि आपण या जगात कुठं आहोत हा प्रश्नही होता. यावरूनच सॉन्डर्सबाईंनी १९६४ च्या सुमारास 'टोटल पेन', म्हणजे समग्र वेदना, ही कल्पना मांडली. वेदनेला चार बाजू आहेत: शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. एका बाजूवर औषध देऊन बाकीच्या तीन विसरलात तर पहिलीवरचंही औषध लागू पडत नाही. आणि उरलेल्या तीन बाजूंची कितीही गोड विचारपूस केली, पण पहिलीवर मॉर्फिन दिलं नाही, तर ती विचारपूस ढोंग ठरते.

इथं आपल्याच भाषेतला एक शब्द आठवतो. 'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थानं वापरतो. पण तो आला आहे 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवाही करतो, म्हणून पुढे सेवा हा अर्थ रूढ झाला. खाटेशेजारी टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या त्या इंग्रज बाईंना आपला हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही. पण त्याचा मूळ अर्थ त्या जगत होत्या.

जुलै १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं. खाटा चोपन्न. प्रवेशदाराशी टास्माची साधी काचेची खिडकी. रोग्यांना आप्तांचा सहवास मिळे, बागेत खाटा नेता येत. १९६९ पासून इथल्या परिचारिका रोग्यांच्या घरी जाऊ लागल्या. पण या घराचं वेगळेपण असं, की इथं सेवेबरोबर शिक्षण आणि संशोधनही होतं. रॉबर्ट ट्वायक्रॉस हे तरुण डॉक्टर इथं आले. मॉर्फिनपेक्षा त्याचंच भावंड असलेलं डायमॉर्फिन चांगलं, असा तिथला अनुभवावर आधारलेला समज होता. ट्वायक्रॉस यांनी तो रीतसर तपासला आणि १९७७ साली निष्कर्ष जाहीर केला, की तोंडावाटे दिल्यास दोन्हींमध्ये रोग्याच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. आपल्याच घरात आपलाच समज तपासून पाहण्याची ही तयारी फार मोलाची होती. मॉर्फिन अधिक देशांत मिळू शकत होतं, म्हणून या निष्कर्षाचा फायदा साऱ्या जगाला झाला.

अमेरिकेत ही कल्पना एका परिचारिकेनं नेली. फ्लॉरेन्स वॉल्ड येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या डीन होत्या. १९६३ साली सॉन्डर्सबाईंचं तिथं व्याख्यान झालं. ते ऐकून वॉल्ड इतक्या प्रभावित झाल्या, की पुढे त्यांनी डीनपद सोडलं, सेंट क्रिस्टोफर्समध्ये जाऊन काम पाहिलं आणि १९७४ साली कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतल्या पहिल्या आधुनिक हॉस्पिसचं काम सुरू केलं.

त्याच अमेरिकेत १९८१ साली 'होलिस्टिक' परिचारिकांची संघटना स्थापन झाली आणि २००६ साली ही परिचर्येची एक विशेष शाखा म्हणून मान्य झाली. त्या चळवळीत चांगलं पुष्कळ होतं. यंत्रांच्या गर्दीत माणूस हरवतोय, ही तिची तक्रार खरीच होती. पण तिच्या आसपास काही न तपासलेल्या गोष्टीही जमल्या. न्यूयॉर्कच्या एका नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं १९७० च्या दशकात 'थेराप्युटिक टच' नावाची पद्धत लोकप्रिय केली. रोग्याच्या अंगाला हात न लावता, वरून हात फिरवून त्याचं ऊर्जाक्षेत्र नीट करायचं. आपल्याकडच्या 'प्राण' या कल्पनेचाही तिथं आधार घेतला गेला. हजारो परिचारिका ही पद्धत शिकल्या. मग एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी एक सोपा प्रयोग केला. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा. पलीकडून अनुभवी उपचारकानं दोन्ही हात पुढे करायचे आणि आपल्या कुठल्या हातावर एमिलीचा हात आहे ते ऊर्जेवरून ओळखायचं. एकवीस जणांनी मिळून २८० वेळा प्रयत्न केला. बरोबर उत्तरं शेकडा चव्वेचाळीस. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. १९९८ साली हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो त्या कोणाची थट्टा करायला नव्हे. दोन्हीकडे रोग्याविषयी कळकळ होती. पण एकीकडे कळकळीबरोबर नोंदवही होती, दुसरीकडे ती नव्हती. समग्र शुश्रूषा म्हणजे औषधाला पर्याय नव्हे आणि औषधावर शिंपडलेलं अत्तरही नव्हे. रोग्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि ऐकलेलं तपासून त्यावर कृती करायची, हे तिचं खरं काम आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कर्करोगाच्या वेदनेसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. औषध शक्यतो तोंडावाटे द्या, घड्याळाप्रमाणे द्या, पायरीपायरीनं वाढवा, हे तिचं सार. सेंट ल्यूक्समधल्या परिचारिकांची ती जुनी रीत आता जागतिक नियम झाली होती. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, डॉ. लुईस डिसूझा यांनी 'शांती अवेदना' हे भारतातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. पुढे गोवा आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. तिथली सेवा विनामूल्य.

दैवयोग असा, की आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा देशात लागू झाला होता. हेतू योग्य होता. पण मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी आणि चुकलं तर तुरुंग. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी त्यापेक्षा मॉर्फिन न ठेवणंच पसंत केलं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, ती परदेशी निर्यातही होते. आणि त्याच देशातला कर्करोगी मॉर्फिनवाचून रात्र काढत होता. परवान्यांची ही गुंतागुंत सोडवणारी दुरुस्ती संसदेत मंजूर व्हायला २०१४ साल उजाडलं.

दरम्यान वाट दाखवली केरळनं. १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनासाठी संस्था काढली. गिली बर्न या ब्रिटिश परिचारिका त्या काळात भारतभर फिरून या विषयाचं शिक्षण देत होत्या, त्यांची प्रेरणाही यामागे होती. तिथून घरोघर जाणाऱ्या परिचारिका आणि गावोगावचे स्वयंसेवक अशी जाळी विणली गेली. २००८ साली केरळ सरकारनं त्यासाठी धोरण जाहीर केलं. पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्लाचं उपशमन केंद्र उभं राहिलं. तिथंही सेवा विनामूल्य मिळते आणि परिचारिकांना प्रशिक्षणही मिळतं.

सॉन्डर्सबाई १४ जुलै २००५ रोजी वारल्या, त्या त्यांनीच उभारलेल्या सेंट क्रिस्टोफर्समध्ये. आपल्याला काय हवं ते शेवटपर्यंत शुद्धीवर राहून सांगता यावं, अशी सोय त्यांनी इतरांसाठी केली होती. तीच त्यांच्याही वाट्याला आली.

नर्सिंगला जाणाऱ्या मुलामुलींना म्हणून सांगावंसं वाटतं, की समग्र शुश्रूषा हवी असेल तर आधी चांगली परिचारिका, चांगला परिचारक व्हा. औषधांचं शास्त्र शिका, नोंदी ठेवायला शिका, मग रोग्याशेजारी बसा. आणि रुग्णालयं चालवणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की एका सिस्टरकडे पन्नास खाटा सोपवून तिच्याकडून 'सगळा माणूस' पाहण्याची अपेक्षा करू नका. ऐकायला वेळ लागतो. आणि ऐकलेलं सांगितल्यावर ते मनावर घेणारं कोणी वर असावं लागतं. सॉन्डर्सबाईंना त्यासाठी तीन व्यवसाय करावे लागले. वॉर्डातल्या त्या आजोबांची हाक ऐकणाऱ्या सिस्टरला एकाच व्यवसायात ते साधता आलं पाहिजे.